प्रश्न तुमचे: पाच ओळींच्या पॅचमध्ये बघायचं तरी काय?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले, म्हणून या अंकात तेवढेच घेतेय. विषय आहे लिनक्स कर्नलमध्ये (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नवीन फ्लॅश मेमरी चिपचा सपोर्ट घालणारा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, आणि तो तपासायचा कसा. ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की तुमच्या घरातल्या वायफाय राउटरमध्ये बहुतेक करून आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी एक काळी चिप असते, तिला एसपीआय नॉर फ्लॅश म्हणतात. राउटर चालू केला की पहिला प्रोग्रॅम तिच्यातून वाचला जातो. तीच चिप लॅपटॉपच्या बायोससाठी असते, कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये असते, गाडीत असते. ती नीट वाचता-लिहिता आली नाही तर बाकी सगळं कितीही भारी असू दे, बोर्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा.

नमस्कार ताई, मी पुण्यात एका एम्बेडेड कंपनीत दोन वर्षं काम करतोय. आमच्या बोर्डवरची जुनी फ्लॅश चिप मिळेनाशी झाली म्हणून परचेसवाल्यांनी दुसऱ्या मेकची १६ एमबीची चिप आणली. टीममधल्या एकाने तिच्यासाठी कर्नलच्या एसपीआय नॉर ड्रायव्हरमध्ये पाच-सहा ओळी घातल्या, बोर्ड बूट होतोय. आता हा पॅच मुख्य कर्नलसाठी पाठवायचाय आणि साहेबांनी मला रिव्ह्यू करायला सांगितलंय. दोनदा वाचला, चूक काही दिसत नाही. एवढ्याशा पॅचमध्ये बघायचं तरी काय? (एक वाचक, पुणे)

तुम्ही दोनदा वाचलात आणि चूक दिसली नाही याचं कारण सरळ आहे, अशा पॅचमधली चूक पॅचमध्ये नसतेच, ती पॅच आणि चिप यांच्या मध्ये असते. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं पण बांध कुठे आहे ते मोजणी केल्याशिवाय कळत नाही, तसंच हे. त्यामुळे पॅच वाचणं हे काम अर्धंसुद्धा नाही, तुम्ही पॅच पाठवणाऱ्याला विचारायचं की बाबा तू चिपवर स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलंस ते दाखव.

आधी "बोर्ड बूट होतोय" हे बाजूला ठेवा. सगळ्यात साधी वाचायची कमांड, हेक्स ०३ (हेक्स म्हणजे १६ च्या पायावरची आकडे लिहायची पद्धत), ही जवळपास प्रत्येक एसपीआय नॉर चिपला कळते. म्हणजे तुमच्या मित्राने पाचपैकी तीन गोष्टी चुकीच्या लिहिल्या असतील तरी बोर्ड बूट होईल. खरा त्रास होईल तो सहा महिन्यांनी, गिऱ्हाइकाकडे फर्मवेअर अपडेट करताना, जेव्हा पुसायची आणि लिहायची वेळ येईल.

आता ओळख. ड्रायव्हर चिपला ९एफ ही कमांड देतो आणि चिप तीन बाइट परत देते, पहिला बाइट मेकचा, पुढचे दोन मॉडेल आणि साइजचे. विनबाँडची १६ एमबीची नेहमीची चिप म्हणाल तर ईएफ ४० १८. शेवटचं १८ हे हेक्समधलं, म्हणजे आपलं २४, आणि २ चा २४ वा घात म्हणजे बरोबर १६ एमबी. किती छान वाटतं ना, पण या तीन बाइटांवर आंधळा भरवसा ठेवला तर घात होतो. विनबाँडच्या याच चिपच्या दोन पिढ्या, डब्ल्यू२५क्यू१२८ एफव्ही आणि जेव्ही-आयक्यू, एकच नंबर सांगतात. मॅक्रोनिक्सची ३२ एमबीची एमएक्स२५एल२५६३५ घ्या, तिची ई आवृत्ती आणि एफ आवृत्ती दोन्ही सी२ २० १९ सांगतात, आणि एफला मोठ्या पत्त्यांसाठी वेगळ्या कमांड आहेत, ई ला नाहीत. कर्नलमध्ये त्या दोघींना वेगळं ओळखायला एक खास फंक्शन लिहावं लागलं, ते चिपच्या आतल्या टेबलमध्ये एक विशिष्ट वेगवान रीड मोड जाहीर केलाय का ते बघतं आणि त्यावरून ठरवतं की ही एफ आहे. मॅक्रोनिक्सच्या फाइलमध्ये ते फंक्शन आणि त्यावरची कॉमेंट आजही आहे, वेळ काढून वाचाच. गिगाडिव्हाइसच्या ३२ एमबीच्या चिपचंही असंच, एका नंबरखाली जुनी आणि नवी आवृत्ती, दोघींची माहिती देण्याची पद्धत वेगळी.

म्हणून तुमचं पहिलं काम, पॅचमध्ये दिलेला नंबर कर्नलच्या चिपांच्या टेबलमध्ये आधीच कुठे आहे का ते शोधणं, आणि फक्त त्या मेकच्या फाइलमध्ये नाही, सगळ्या फाइलींमध्ये. कारण मेकचा बाइट हा जेडेक नावाच्या संस्थेच्या यादीतून येतो, ती यादी अनेक पानांची आहे, आणि कितव्या पानावरचा नंबर ते सांगायला चिपने आधी ७एफ असे बाइट पाठवायचे असतात. खूप कंपन्यांच्या चिपा ते पाठवतच नाहीत. मग मायक्रॉन आणि एक्सएमसी या दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा पहिला बाइट २० असाच सांगतात. तुमच्या मित्राने आधीची ओळ बदलली असेल तर आणखी सावध व्हा, कारण ती जुनी ओळ कुणाच्या तरी चालू असलेल्या हजारो बोर्डांना लागू आहे आणि ती माणसं तुम्हाला विचारायला येणार नाहीत.

दुसरं, एसएफडीपीचा डंप मागा, म्हणजे चिपमधून वाचलेला कच्चा डेटा. हे काय, तर २०११ पासून जेडेकचं एक स्टँडर्ड आहे, जेईएसडी२१६, त्यानुसार चिप स्वतःच्या पोटात स्वतःची माहिती ठेवते, साइज किती, पुसायचे ब्लॉक केवढे, चार तारांवरून वाचता येतं का, वगैरे. ५ए कमांडने ती वाचता येते. नव्या कर्नलमध्ये ती सिसएफएसमधल्या (कर्नल आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) फाइलमधून तशीच्या तशी मिळते, पाठवणाऱ्याने ती एक्सएक्सडी या टूलने हेक्समध्ये काढून पॅचबरोबर द्यायची आणि सोबत तिचा एसएचए२५६ (फाइलचा बोटाच्या ठशासारखा चेकसम) पण द्यायचा, म्हणजे कॉपी-पेस्टमध्ये काही गळलं तर कळतं.

तो डंप तुम्ही हाताने वाचा. एकदा तरी वाचाच, नुसतं आहे की नाही बघून टिक करू नका. सुरुवातीला ५३ ४६ ४४ ५० दिसलं पाहिजे, ती एस, एफ, डी, पी ही अक्षरंच आहेत. मग हेडरमध्ये मुख्य टेबल कुठे सुरू होतं तो पत्ता असतो, तिथे जा, पहिले चार बाइट सोडा आणि पुढचे चार बघा. १६ एमबीच्या चिपला तिथे एफएफ एफएफ एफएफ ०७ असं दिसेल. उलटं वाचायचं, म्हणजे ०७एफएफएफएफएफएफ, त्यात एक मिळवला की १३,४२,१७,७२८ बिट, भागिले आठ केलं की १६ एमबी. माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे कागदावर करायला लावते, कारण एकदा हा हिशेब स्वतः जुळवला की त्या हेक्सच्या भिंतीची भीती जाते आणि मग माणूस पुढचे बाइटपण वाचायला लागतो.

तिसरं म्हणजे टेस्ट, आणि इथे थोडं थांबते, कारण लोक टेस्ट करतात पण ती तशीच का करायची हे माहीत नसतं. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पद्धत दिलेली आहे, दोन एमबीची रँडम डेटाची फाइल करायची, चिपचा तेवढा भाग पुसायचा, परत वाचून सगळं एफएफ आलंय का बघायचं, मग ती फाइल लिहायची, वाचायची, दोन्हीचे एसएचए२५६ जुळतात का बघायचं, आणि पुन्हा पुसून पुन्हा एफएफ. पुसलं की प्रत्येक बिट १ होतो आणि लिहिताना चिप फक्त १ चा ० करू शकते, ० चा १ करायला पुन्हा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून आधी एफएफ बघणं गरजेचं, नाहीतर आधीच्याच डेटावर तोच डेटा पडला तर पुसणं झालंच नाही हे कळणारच नाही.

आणि रँडम का? समजा पॅचमध्ये पेजची (एका दमात लिहिता येणाऱ्या तुकड्याची) साइज ५१२ लिहिली आणि चिपची खरी २५६ आहे. ड्रायव्हर एका दमात ५१२ बाइट पाठवणार, चिप २५६ झाले की त्याच पेजच्या सुरुवातीला परत येणार आणि आधीच्या बाइटांवर पुढचे बाइट घालणार. नंतर हेक्सडंप काढला तर २५६ बाइट भरलेले, पुढचे २५६ एफएफ, परत २५६ भरलेले, परत एफएफ, अशी पट्ट्यापट्ट्यांची चादर दिसते, आणि भरलेल्या भागात जो डेटा आहे तो खरं तर त्याच्या पुढच्या पट्टीचा. एखाद्याने सगळीकडे एफएफ लिहून टेस्ट केली असेल तर सगळं पास! म्हणून टेस्टचा आउटपुट जसाच्या तसा मागा, "टेस्ट केलं, चालतंय" हे वाक्य चालवून घेऊ नका, मग पाठवणारा तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असला तरी.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचं, लॉकिंगचे फ्लॅग, म्हणजे चिपला काय जमतं ते ड्रायव्हरला सांगणाऱ्या खुणा. पॅचमध्ये लॉक आहे, टीबी आहे असे फ्लॅग दिसले की खुर्ची पुढे ओढून बसा. चिपच्या स्टेटस रजिस्टरमध्ये काही बिट असतात, ते लावले की चिपचा ठरावीक भाग लिहिण्यापासून सुरक्षित होतो. टीबी हा बिट सांगतो की सुरक्षित भाग वरून मोजायचा का खालून. डब्ल्यू२५क्यू१२८ मध्ये नेहमीच्या सेटिंगला सगळ्यात छोटा तुकडा चौसष्टावा भाग, म्हणजे २५६ केबी. टीबी शून्य असेल तर शेवटचे २५६ केबी लॉक, एक असेल तर पहिले. बूटलोडर, म्हणजे बोर्ड सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, बहुतेक वेळा पहिल्या भागात असतो! आता हीच कंपनी, हीच मालिका, पण मोठी बहीण डब्ल्यू२५क्यू२५६ घ्या, तिच्यात टीबी हा बिट ५ वरून बिट ६ वर गेलाय, कारण मोठ्या साइजला आणखी एक बिट लागला आणि तो ५ व्या जागेवर बसवला. तुमच्या मित्राने शेजारच्या चिपची ओळ कॉपी करून नाव बदललं असेल (आणि बहुतेक जण तेच करतात) तर बूटलोडर लॉक केला असं समजून भलताच भाग लॉक होईल. डेटाशीटमधलं स्टेटस रजिस्टरचं पान उघडून फ्लॅगशी एकेक बिट बोट ठेवून जुळवा, आणि फ्लॅशलॉक या टूलने एकदा लॉक करून, लिहायचा प्रयत्न करून, तो फसतोय हे दाखवलंय का ते बघा.

चार तारांच्या मोडचं पण असंच. तो चालू करणारा क्वाड इनेबल बिट विनबाँडमध्ये दुसऱ्या रजिस्टरचा बिट १ आहे, मॅक्रोनिक्समध्ये पहिल्या रजिस्टरचा बिट ६. विनबाँडला मॅक्रोनिक्स समजून तो बिट लावला तर डब्ल्यू२५क्यू१२८ मध्ये ती जागा सुरक्षेसाठीच्या दुसऱ्याच बिटाची आहे, म्हणजे वेग तर वाढलाच नाही आणि लॉकिंगची गणितं पण बिघडली.

बाकी कॉमेंट, ओळींची लांबी, चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट), साइन्ड-ऑफ-बाय (पाठवणाऱ्याच्या सहीची ओळ) वगैरे बघाच, पण ते शेवटी. आधी चिप.

ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्नलमध्ये काहीतरी करायची खूप इच्छा आहे पण माझ्याकडे बोर्ड नाही, चिप नाही. हार्डवेअर नसताना असे पॅच रिव्ह्यू करता येतात का, की उगाच मध्ये तोंड घालणं होईल? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

येतात ग, नक्की येतात, आणि तोंड घालणं वगैरे मनातून काढून टाक. वरच्या उत्तरात जे सांगितलं त्यातलं अर्ध्याहून जास्त काम हार्डवेअरशिवाय होतं. बहुतेक एसपीआय नॉर चिपांची डेटाशीट फुकट मिळते. पॅचमध्ये दिलेला डंप घे, डेटाशीट घे, आणि वही घेऊन बस. साइज जुळते का, पुसायच्या ब्लॉकची कमांड जुळते का (४ केबीसाठी बहुतेक ठिकाणी २० असते), नंबर दुसरीकडे वापरलाय का, टीबी कुठल्या बिटावर आहे. याच्यात एक जरी विसंगती सापडली तरी तू त्या मेंटेनरचा, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचा, अर्धा तास वाचवलास.

फक्त एक पथ्य पाळ. तू काय तपासलंस आणि काय नाही हे स्पष्ट लिही. टेस्टेड-बाय ही ओळ ज्याने खरंच हार्डवेअरवर चालवून बघितलं त्यानेच द्यायची. रिव्ह्यूड-बाय द्यायची म्हणजे तू सांगतेस की मी हा पॅच तांत्रिकदृष्ट्या तपासलाय, माझ्या शंका पाठवणाऱ्याला कळवल्यात, त्यांची उत्तरं पटलीत, आणि हा कर्नलमध्ये जायला हरकत नाही असं मला वाटतं. हे सगळं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलेलं आहे, ते वाच. सुरुवातीला तर कुठलीच ओळ देऊ नकोस, नुसता प्रश्न विचार, "डंपमध्ये अमुक दिसतंय आणि पॅचमध्ये तमुक, हे मुद्दाम आहे का?" एवढं बास. आणि पुढे कधी जमलं तर एक साधा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आणि ब्रेकआउट बोर्डवर बसवलेली एक फ्लॅश चिप घे, चिप स्वतः तर अगदीच स्वस्त असते, आणि एकदा स्वतः पुसून, एफएफचा पसारा स्क्रीनवर बघून ये. कॉलेजच्या लॅबमध्ये विचार, एखाद्या जुन्या प्रोजेक्टच्या डब्यात सापडेल सुद्धा.

मी नाशिकला असतो, फ्रीलान्स करतो. नवीन चिपसाठी पॅच पाठवला, मेहनतीने डेटाशीट वाचून सगळं भरलं होतं. उत्तर आलं की ही ओळ नको, चिप आपोआप चालेल. म्हणजे माझं काम वाया गेलं का? खरं सांगतो, वाईट वाटलं. (एक वाचक, नाशिक)

वाईट वाटणं मी समजू शकते, रात्री जागून डेटाशीट वाचलेली असते. पण काय झालंय ते सांगते म्हणजे मनातला काटा निघेल.

एसपीआय नॉरचा हा स्वतंत्र भाग कर्नलमध्ये २०१४ साली आला. तेव्हा प्रत्येक चिपसाठी एक ओळ लागायची, नाव, नंबर, ब्लॉकची साइज, किती ब्लॉक. ६४ केबीचे २५६ ब्लॉक म्हणजे १६ एमबी, असं हाताने लिहायचं. चिपा वाढत गेल्या, टेबल फुगत गेलं, मग २०२० मध्ये ते फोडून प्रत्येक मेकची वेगळी फाइल केली. आणि गंमत बघा, त्यातली बरीचशी माहिती चिप स्वतःच एसएफडीपीमध्ये सांगत असते! मग २०२२ मध्ये जेनेरिक ड्रायव्हर आला, नंबर टेबलमध्ये सापडला नाही तरी एसएफडीपी नीट वाचता आली तर चिप तिच्यावरच चालवायची. आता ओळ लागते ती फक्त चिप जे स्वतः सांगत नाही त्यासाठी, म्हणजे लॉकिंग, एकदाच लिहिता येणारा ओटीपी भाग, किंवा चिपच्या टेबलमध्येच चूक असेल तर ती दुरुस्त करणारं फंक्शन. आणि ओळ लिहायची वेळ आली तरी नाव आणि साइज भरायची गरज उरलेली नाही.

मेंटेनरच्या जागी उभं राहून बघा. तुमची ओळ घेतली तर ती दहा वर्षं सांभाळायची, आणि उद्या त्याच नंबरची नवी आवृत्ती आली की तुमच्या ओळीतला पक्का लिहिलेला आकडा तिला आडवा येणार. ओळ नसेल तर नवी आवृत्ती स्वतःची माहिती स्वतः सांगेल. तुम्ही जेनेरिक ड्रायव्हरवर तीच टेस्ट चालवून बघा. जर लॉकिंग हवं असेल तर फक्त तेवढा फ्लॅग असलेली छोटी ओळ पाठवा आणि का हवी ते कमिट मेसेजमध्ये लिहा. तुम्ही वाचलेली डेटाशीट वाया गेली नाही, ती लॉकिंगच्या टेस्टला लागणारच आहे.

आमच्या बोर्डवर ३२ एमबीची नॉर चिप आहे. पॉवर देऊन चालू केला की बूट होतो, रीबूट कमांडलाही होतो, पण वॉचडॉगने (सिस्टिम अडकली की रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केलं की काहीच नाही, सीरियल कन्सोलवर एक अक्षर पण येत नाही. पॅचमध्ये चूक असेल का? (एक वाचक, बेंगळुरू)

हे वाचून अंगावर काटा आला, कारण हेच मी भोगलंय. एका जुन्या कामाच्या ठिकाणी आम्ही चार दिवस पॉवर सप्लाय, क्रिस्टल, सोल्डरिंग सगळं बदलून बघितलं, आणि शेवटी लॉजिक ॲनलायझर लावला तेव्हा चित्र दिसलं, प्रोसेसरचा बूटरॉम (त्याच्या आतच कोरलेला सुरुवातीचा कोड) तीन बाइटांचा पत्ता पाठवतोय आणि चिप चौथ्या बाइटाची वाट बघत बसलीये.

तीन बाइटांचा पत्ता म्हणजे २४ बिट, त्याने १६ एमबीपर्यंतच पोचता येतं. त्याच्या पुढे जायला काही चिपांना चार बाइटांच्या मोडमध्ये टाकावं लागतं, बी७ कमांडने. एकदा मोडमध्ये गेली की पॉवर जाईपर्यंत किंवा रीसेट मिळेपर्यंत ती तिथेच राहते. बोर्डच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) तशी प्रॉपर्टी लावलेली असेल तर साध्या रीबूटमध्ये कर्नल जाता जाता तिला परत तीन बाइटांवर आणून ठेवतो, म्हणून तुमचं रीबूट चालत असणार. वॉचडॉग मात्र अचानक येतो, कर्नलला आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

तर बघा, तुमच्या चिपला चार बाइटांच्या वेगळ्या कमांड आहेत का, म्हणजे वाचायला १३, लिहायला १२, पुसायला डीसी अशा. असतील तर मोड बदलायची गरजच नाही आणि पॅच तपासताना हेच बघायचं की ड्रायव्हर त्या कमांड वापरतोय ना. नसतील तर चिपचा रीसेट पाय प्रोसेसरच्या रीसेटला जोडलाय का ते हार्डवेअरवाल्यांना विचारा, खरा उपाय तोच. डिव्हाइस ट्रीमधली वर म्हटलेली प्रॉपर्टी म्हणजे ब्रोकन-फ्लॅश-रीसेट, ती बोर्डवर हा दोष आहे एवढं कर्नलला सांगते, म्हणून साधं रीबूट सावरतं, पण ती दोष घालवत नाही.

आणि याच्यावरून एक सांगते, डॉक्युमेंटेशनमधली दोन एमबीची टेस्ट ही किमान टेस्ट आहे. ३२ एमबीच्या चिपला शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. १६ एमबीची रेघ ओलांडून पलीकडे लिहिलं का, आणि ते लिहिल्यावर चिपच्या सुरुवातीचा भाग शाबूत आहे का, हे मी प्रत्येक मोठ्या चिपच्या पॅचला विचारते, कारण वरचा बाइट गळला की पलीकडचं लिखाण गुपचूप पहिल्या पानावर येऊन पडतं.

नॉर आणि एसपीआय नँड दोन्हीच्या पॅचला हेच नियम का? (एक वाचक, ठाणे)

थोडे हेच, पण नँडमध्ये (फ्लॅश मेमरीचाच दुसरा प्रकार) जीव वेगळ्या ठिकाणी आहे. नँडमध्ये बिट पलटणं हे रोजचंच, चिपमधलं ईसीसी (चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) ते दुरुस्त करतं आणि स्टेटसमध्ये सांगतं. काही चिपा किती बिट दुरुस्त केले ते नीट सांगतात, काही नुसतं "केले" एवढंच. तुम्ही पॅचमधलं ते स्टेटस वाचणारं फंक्शन डेटाशीटच्या तक्त्याशी जुळवून बघा, बाकी सगळं नंतर. कारण आठ बिटांची ताकद असेल तर कर्नलचा ठरलेला उंबरठा तीन चतुर्थांश, म्हणजे सहा बिट. तेवढे झाले की यूबीआय (कर्नलमधला फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर) तो डेटा उचलून दुसऱ्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवतं. पॅचवाल्याने "दुरुस्त झालं" याला सरसकट १ लिहून टाकलं तर उंबरठा कधीच गाठला जाणार नाही, ब्लॉक आतून कुजत जाईल आणि एक दिवस नववा बिट पलटला की डेटा गेला. नेमका आकडा चिप सांगत नसेल तर जास्तीत जास्त धरून चालायचं. नँडबिटएर्स या टूलची टेस्ट चालवून आउटपुट मागा, आणि ओओबीच्या (प्रत्येक पेजला जोडलेल्या जादा जागेच्या) सुरुवातीचे दोन बाइट खराब ब्लॉकच्या खुणेसाठी मोकळे सोडलेत ना ते बघा.

तिसऱ्यांदा पॅच परत आला. दर वेळी नवीन काहीतरी काढतात. चौथ्यांदा पाठवावा का? (एक वाचक, पणजी)

पाठवा. तुम्ही तिन्ही वेळचं पत्रात जोडलंय ते मी वाचलं, पहिल्या वेळी डंप नव्हता, दुसऱ्या वेळी डंप बघितल्यावर लॉकिंगचा प्रश्न निघाला, तिसऱ्या वेळी लॉकिंगची टेस्ट मागितली. म्हणजे ते नवीन काही काढत नाहीयेत, तुम्ही दिलेलं वाचतायत, आणि वाचलं म्हणून पुढचा प्रश्न सुचतोय. पॅचवर आवृत्ती ४ लिहा, तीन रेघांच्या खाली आधीच्या प्रत्येक आवृत्तीपासून काय बदललं ते एकेका ओळीत लिहा, तो भाग कमिटमध्ये जात नाही पण तपासणाऱ्याला पहिल्यापासून सगळं परत वाचावं लागत नाही. आणि लॉकिंगच्या टेस्टमध्ये लॉक, लिहायचा प्रयत्न, परत वाचून एसएचए२५६, मग अनलॉक आणि पुन्हा लिहिणं, असं सगळं एका सलग आउटपुटमध्ये द्या, मधलं काही कापू नका.